शोकात्मिकेचे माध्यमांतर : 'मॅकबेथ' ते 'मकबूल'

चारशे वर्षांपूर्वी लंडनच्या प्रेक्षकांसाठी लिहिलेले स्कॉटलंडच्या राजाचे नाटक उचलून मुंबईच्या गुन्हेगारी जगतात आणून ठेवले, तर ते नाटक म्हणून कितपत शिल्लक राहते? राजा नाही, राजमुकुट नाही, निर्यमक पद्यातील ती प्रसिद्ध स्वगते नाहीत. मग शेक्सपिअरचे म्हणावे असे त्यात उरते तरी काय? विशाल भारद्वाज यांचा 'मकबूल' हा चित्रपट ३० जानेवारी २००४ रोजी भारतात प्रदर्शित झाला. त्यानंतर त्यांनी 'ऑथेल्लो'वरून 'ओंकारा' (२००६) आणि 'हॅम्लेट'वरून 'हैदर' (२०१४) हे चित्रपट केले. या तीनही चित्रपटांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कथानकातील साम्यस्थळे मोजून मिळत नाही.

मराठी समीक्षेत 'शोकांतिका' आणि 'शोकात्मिका' असे दोन शब्द रूढ आहेत. नायकाच्या मृत्यूने संपणारे प्रत्येक नाटक शोकांतिका म्हणता येईल. शोकात्मिकेची अट मात्र कडक आहे. तिच्यात नायकाचा नाश बाहेरून कोसळत नाही, तो त्याच्याच निवडीतून, पायरीपायरीने आणि अटळपणे ओढवतो. आणि कोठेतरी नायकाला स्वतःला ते उमगते. ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये या उमगण्याला मोठे महत्त्व दिले आहे. नाटकाचा चित्रपट करताना पात्रे, स्थळ, काळ, भाषा हे सारे बदलता येते. ही अटळता आणि हे उमगणे हातचे सुटले, तर मात्र हाती राहते ती केवळ खुनाची गोष्ट.

शेक्सपिअरही रूपांतरकारच

मूळ कृतीशी इमान राखण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. सुमारे १६०६ मध्ये लिहिलेले आणि १६२३ च्या 'फर्स्ट फोलिओ'त प्रथम छापले गेलेले 'मॅकबेथ' हेच मुळात एक रूपांतर आहे. शेक्सपिअरने त्याची कथा राफाएल हॉलिनशेडच्या बखरीतून घेतली. इतिहासातील मॅकबेथने स्कॉटलंडवर १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षे राज्य केले. डंकन हा राजा तरुण होता आणि तो रणांगणावर पडला. बखरीतला बँको तर मॅकबेथच्या कटात सामील होता.

शेक्सपिअरने डंकनला वृद्ध आणि सज्जन केले. त्याच बखरीतील दुसऱ्या एका राजाच्या खुनाची हकीकत उचलून डंकनचा वध मॅकबेथच्या घरी, तो पाहुणा असताना घडवला. बँकोला त्याने निर्दोष केले, कारण तेव्हा इंग्लंडच्या गादीवर असलेला जेम्स राजा आपला वंश बँकोपासून सांगत असे. थोडक्यात, प्रेक्षक कोण आहे आणि कोणते पाप त्याच्या काळजाला हात घालील, हे पाहून त्याने इतिहास वाकवला. पुढच्या रूपांतरकारांनी शेक्सपिअरशी जे केले, ते त्याने हॉलिनशेडशी आधीच केले होते.

माध्यमांतराच्या तीन वाटा

शेक्सपिअरच्या शोकात्मिका पडद्यावर आणण्याच्या स्थूलमानाने तीन वाटा दिसतात. पहिली वाट शब्द आणि काळ दोन्ही राखण्याची. रोमन पोलान्स्कीचा 'मॅकबेथ' (१९७१) या वाटेने जातो. संवाद शेक्सपिअरचे, पोशाख आणि किल्ले मध्ययुगीन. तरीही शेवटी डंकनचा धाकटा मुलगा चेटकिणींच्या गुहेकडे वळताना दाखवून पोलान्स्कीने नाटकात नसलेली एक भीषण सूचना केलीच : एक मॅकबेथ मेला, दुसरा घडतो आहे.

दुसरी वाट शब्द राखून काळ बदलण्याची. बाझ लुरमनच्या 'रोमिओ + ज्युलिएट' (१९९६) मध्ये पात्रे पिस्तुले वापरतात, मोटारींतून फिरतात आणि बोलतात मात्र सोळाव्या शतकातले पद्य. त्याच वर्षी आलेल्या केनेथ ब्रानाच्या 'हॅम्लेट'ने संपूर्ण संहिता पडद्यावर आणली आणि चित्रपटाची लांबी चार तासांवर गेली.

तिसरी वाट सर्वांत धोक्याची. शब्द सोडायचे, देश-काळ सोडायचा आणि केवळ शोकात्मिकेचा सांगाडा घेऊन नव्या मातीत नवी कलाकृती उभी करायची. अकिरा कुरोसावाचा 'थ्रोन ऑफ ब्लड' (१९५७) हा या वाटेवरचा मानदंड मानला जातो. 'मकबूल' याच वाटेचा प्रवासी आहे आणि दिलीश पोथन यांचा मल्याळम चित्रपट 'जोजी' (२०२१) हाही. हे तिन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे रूपांतरकाराला नेमके कोणते निर्णय घ्यावे लागतात ते स्पष्ट होते.

मराठी रंगभूमीचा पूर्वानुभव

ही तिसरी वाट मराठी माणसाला अपरिचित नाही. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचे 'ऑथेल्लो'चे भाषांतर १८६७ मध्ये प्रसिद्ध झाले. गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' (१८८३) केले आणि त्यातील राजपुत्राला चंद्रसेन हे नाव दिले. हीच भूमिका शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी गाजवली. गोविंद बल्लाळ देवलांचे 'झुंझारराव' (१८९०) म्हणजे 'ऑथेल्लो'च. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी त्याही पुढे जाऊन 'सवाई माधवरावांचा मृत्यू' या नाटकात पेशवाईच्या इतिहासातच 'हॅम्लेट' आणि 'ऑथेल्लो' यांची छाया मिसळली. वि. वा. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मध्ये 'मॅकबेथ' मराठीत अवतरला.

या नाटककारांना नावे आणि पोशाख बदलावे लागले, रीतिरिवाज बदलावे लागले. पण एक सोय त्यांच्याजवळ होती. त्यांचेही माध्यम रंगभूमीच होते. पल्लेदार स्वगत ऐकायला येणारा प्रेक्षक त्यांच्यासमोर होता. चित्रपटकाराला ही सोय नाही. त्याची अडचण भाषांतराच्या पलीकडची आहे.

राजाच्या जागी कोण?

पहिला निर्णय राजाविषयीचा. डंकनचा खून भयंकर का वाटतो? तो एकाच वेळी तीन नाती तोडतो म्हणून. डंकन मॅकबेथचा राजा आहे, आप्त आहे आणि त्या रात्री घरी आलेला अतिथी आहे. खुनाआधीच्या स्वगतात मॅकबेथ स्वतःच ही नाती मोजतो. राजा हा ईश्वराचा प्रतिनिधी मानणाऱ्या प्रेक्षकाला राजहत्येचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती. विसाव्या-एकविसाव्या शतकातील प्रेक्षकाची राजावर तशी श्रद्धा नाही. म्हणूनच नुसते 'राजाच्या जागी मंत्री' किंवा 'राजाच्या जागी उद्योगपती' असे समीकरण मांडून भागत नाही. जिच्या मोडण्याने आजच्या प्रेक्षकाच्या अंगावर काटा येईल, अशी निष्ठा शोधावी लागते.

कुरोसावाने जपानच्या इतिहासातील यादवी युद्धांचा काळ निवडला. तेथे सरदाराची धन्यावरची निष्ठा हाच सर्वोच्च धर्म होता आणि तो मोडणेही नित्याचे होते. वॉशिझुची पत्नी असाजी नवऱ्याला आठवण करून देते, की आजच्या धन्यानेही आपल्या धन्याला मारूनच गादी मिळवली आहे. साहजिकच येथे खून हा सुव्यवस्थेतील अपवाद राहत नाही, तो एका चक्राचा भाग होतो. चित्रपटाच्या आरंभी आणि अखेरीस धुक्यात दिसते ती किल्ल्याची ओसाड जागा. शेक्सपिअरच्या शेवटात नवा राजा येऊन घडी नीट बसते. कुरोसावा ते आश्वासन देत नाही.

भारद्वाज यांनी मुंबईतील टोळीचे घर निवडले. जहांगीर खान ऊर्फ अब्बाजी हा टोळीचा प्रमुख आहे, तसाच तो 'अब्बा'ही आहे. मकबूल त्याच्या छायेत मुलासारखा वाढला आहे. नाटकातील डंकन थोडा वेळ रंगमंचावर येतो आणि मारला जातो. पंकज कपूर यांनी साकारलेला अब्बाजी मात्र हातवारे, चाल, घोगरा आवाज यांसह पूर्ण माणूस म्हणून उभा राहतो. (या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.) तो क्रूर आहे आणि मायाळूही आहे. त्याला मारणे म्हणजे राजहत्येपेक्षा पितृहत्येच्या जवळचे काही आहे, हे भारतीय प्रेक्षकाला कोणी समजावून द्यावे लागत नाही.

लेडी मॅकबेथच्या बाबतीत भारद्वाज यांनी मोठे धाडस केले. तब्बूची निम्मी ही मकबूलची पत्नी नसून अब्बाजीची रखेल आहे. तिच्या मनात सत्तेची हाव आहेच. शिवाय तिला नको असलेल्या वृद्धाच्या शय्येतून सुटका हवी आहे आणि त्याची नजर एका नव्या नटीकडे वळू लागल्याची भीतीही आहे. मूळ नाटकात राजमुकुट आणि प्रेम या वेगळ्या गोष्टी होत्या. येथे त्या एकाच बिछान्यावर येतात आणि खूनही तेथेच होतो.

'जोजी'ने वर्तुळ आणखी लहान केले. केरळमधील मळेवाल्या कुटुंबाचा धिप्पाड, दरारा असलेला बाप आणि त्याच्या धाकाखाली पिचलेली मोठाली मुले, एवढेच त्याचे राज्य. राजवाड्याच्या जागी घर, राज्याच्या जागी वाटणी. एकत्र कुटुंबातील इस्टेटीचे वाद ज्याने जवळून पाहिले आहेत, त्याला या राज्याचे मोल कळायला वेळ लागत नाही.

चेटकिणी आणि नियती

दुसरा निर्णय नियतीचा. शेक्सपिअरच्या तीन चेटकिणी मॅकबेथला भविष्य सांगतात. खून कर असे सांगत नाहीत. भविष्य आणि कृती यांच्यामधली जी मोकळी जागा आहे, तेथेच नायकाची जबाबदारी आणि पर्यायाने शोकात्मिका राहते. चेटकिणी केवळ भुताटकी झाल्या तर नायक बाहुले ठरतो. त्यांना काढून टाकले तर अटळतेची जाणीव नष्ट होण्याचा धोका असतो.

कुरोसावाने तिघींच्या जागी अरण्यात चरखा फिरवत बसलेले एकच पांढरेफटक भूत आणले. जपानी नोह रंगभूमीची छाया या प्रसंगावर, तशीच असाजीच्या मुखवट्यासारख्या चेहऱ्यावर आणि तिच्या संथ, मोजक्या हालचालींवर आहे. भारद्वाज यांनी ओम पुरी आणि नसिरुद्दीन शाह यांच्या रूपाने दोन पोलीस अधिकारी उभे केले. पंडित आणि पुरोहित अशी त्यांची नावे. पंडित पोलीस गाडीच्या ओल्या काचेवर कुंडली मांडतो, तेथेच चित्रपट सुरू होतो. हे दोघे ज्योतिष सांगतात, थट्टामस्करी करतात, पैसे खातात आणि टोळ्यांमधील सत्तेचा तोल आपल्या सोयीने राखतात. गुन्हेगारी जगतात भविष्य ठाऊक असलेला माणूस कोण, तर ज्याच्या हातात पोलिसी यंत्रणा आहे तो. जुन्या नाटकातील अद्भुत आणि आधुनिक शहरातील भ्रष्टाचार यांची ही सांधेजोड 'मकबूल'मधील सर्वांत मोलाची कल्पना आहे. नियती येथे आकाशातून येत नाही. ती सरकारी गाडीतून, गणवेशात येते.

मूळ नाटकात अरण्य चालून येईपर्यंत मॅकबेथला भय नसते. मुंबईत अरण्य कोठले आणायचे? येथे समुद्र घरी येण्याची गोष्ट केली जाते आणि ती खरी ठरते, समुद्रावर हुकमत असलेल्या सरकारी यंत्रणेच्या माणसांच्या रूपाने. ज्या समुद्राने या धंद्याला जन्म दिला, तोच दाराशी येऊन उभा राहतो. स्कॉटलंडचे अरण्य आणि मुंबईचा समुद्र यांत बाह्य साम्य काहीच नाही. पण दोहोंचे नाटकातील काम अगदी एक आहे.

'जोजी'मध्ये चेटकिणीही नाहीत, भविष्यही नाही. तेथे मोठ्या भावाची बायको स्वयंपाकघरातून दोन शब्द बोलते आणि पुष्कळदा तेवढेही बोलत नाही. तिच्या न बोलण्यातून जोजी काय ते समजतो.

शब्दांचे काय करायचे?

तिसरा आणि सर्वांत अवघड निर्णय शब्दांचा. शेक्सपिअरच्या काळातील ग्लोबसारख्या उघड्या नाट्यगृहात प्रयोग दुपारच्या उजेडात होत आणि देखाव्यांची सजावट जवळपास नसे. 'मॅकबेथ'चा बराच भाग रात्री घडतो. ती रात्र प्रेक्षकाच्या मनात शब्दांनीच उभी करावी लागे. कॅमेरा अंधार प्रत्यक्ष दाखवतो. मग अंधाराचे वर्णन करणाऱ्या ओळी अनावश्यक होतात आणि त्या ओळींत साठवलेली भीतीही त्यांच्याबरोबर जाण्याचा संभव असतो. ती भीती चित्रातून परत मिळवणे हे दिग्दर्शकाचे काम.

कुरोसावाने ते धुक्याने केले. फुजी पर्वताच्या उतारावर चित्रित झालेल्या दृश्यांत घोडेस्वार धुक्यात शिरतात, बाहेर येतात, पुन्हा शिरतात आणि वाट सापडत नाही. मॅकबेथचे मन सांगण्यासाठी त्याला स्वगताची गरज उरत नाही. शेवटी वॉशिझुवर त्याचेच सैनिक बाणांचा वर्षाव करतात. तोशिरो मिफुनेच्या अवतीभवती तेव्हा खरे बाण सोडले गेले होते आणि त्याच्या चेहऱ्यावरचे भय पाहताना हे पटते.

भारद्वाज यांनी स्वगताचे काम नजरेवर सोपवले. इरफान खान यांचा मकबूल फार बोलत नाही. काकाचे प्रेत घरी आणले जाते तेव्हा ते आपल्याकडे पाहते आहे असा भास होऊन तो दचकतो. मेजवानीत अवतरणाऱ्या बँकोच्या भुताचे हे रूपांतर. नाटकात मॅकबेथ या प्रसंगी खूप बोलतो. येथे एक दचकणे पुरेसे ठरते. झोपेत चालणाऱ्या लेडी मॅकबेथचे धुऊनही न जाणारे रक्त निम्मीच्या वेडात येते, पण तिच्यासाठी ते भिंतींपर्यंत पसरले आहे.

अर्थात, शब्द सोडणे हा प्रत्येक वेळी योग्य मार्ग असेल असे नाही. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' (१९७०) महेश मांजरेकर यांनी २०१६ मध्ये पडद्यावर आणले, तेव्हा नाना पाटेकर यांच्या गणपतराव बेलवलकरांच्या तोंडची स्वगते राखणे भागच होते. ज्याचे सारे आयुष्य शब्दांवर उभे आहे, अशा नटाचीच ती शोकात्मिका. त्याचे शब्द काढून घेतले तर त्याचे राज्यच काढून घेतल्यासारखे होईल. मॅकबेथ कवीसारखा बोलतो, पण तो कवी नाही, योद्धा आहे. म्हणून त्याचे शब्द सोडता येतात. कोणते नाटक कोणत्या वाटेने न्यायचे, हे असे नायकाच्या स्वभावावरून ठरते.

मूल कोणाचे?

'मॅकबेथ'च्या समीक्षेत एक प्रश्न प्रसिद्ध आहे. लेडी मॅकबेथ आपण मूल पाजल्याचे सांगते, पण नाटकात तिचे मूल नाही. इंग्रज समीक्षक एल. सी. नाईट्स यांनी १९३३ मध्ये 'लेडी मॅकबेथला मुले किती?' अशा उपरोधिक शीर्षकाचा निबंधच लिहिला. नाटकातील पात्रांना खरी माणसे समजून असले हिशेब मांडू नयेत, असा त्याचा रोख होता. समीक्षकाला हे म्हणता येते. रूपांतरकाराला मात्र पात्रे खरी माणसे म्हणूनच उभी करावी लागतात. त्याला या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते.

वॉशिझु आपल्या मित्राच्या मुलाला वारस करायला निघालेला असतो. तेवढ्यात असाजी आपण गरोदर असल्याचे सांगते आणि दुसरा खून अटळ होतो. ते मूल मृत जन्मते. ज्याच्यासाठी मित्र मारला ते जगलेच नाही. कुरोसावाचा निष्ठुर हिशेब येथे पूर्ण होतो.

भारद्वाज यांनी डंकनच्या मुलांच्या जागी अब्बाजीची मुलगी समीरा आणली आणि तिचे प्रेम काकाच्या मुलावर, गुड्डूवर ठेवले. एका फटक्यात दोन गोष्टी साधल्या. बँकोच्या वंशाला गादी मिळण्याची भविष्यवाणी लग्नाच्या साध्या व्यवहारात आली. आणि ज्याने आयुष्यभर सेवा केली त्या मकबूलला उद्या गुड्डूसमोर मान झुकवावी लागणार, हा डंख नैसर्गिक झाला. निम्मीला दिवस जातात. मूल मकबूलचे की अब्बाजीचे, हे निश्चित होत नाही. मूल जगते, निम्मी जात राहते.

उमगण्याचा क्षण

अखेरीस मकबूल पिस्तूल घेऊन रुग्णालयात शिरतो. काचेपलीकडे त्याला दिसते ते असे, की ज्यांचे बाप त्याने मारले ती समीरा आणि गुड्डू ते अर्भक मायेने उराशी धरून आहेत. तो पिस्तूल टाकतो, बाहेर येतो आणि मारला जातो. नाटकात मॅकबेथ शेवटपर्यंत लढतो. आयुष्य निरर्थक असल्याचे त्याला कळते, पण तलवार तो खाली ठेवत नाही. भारद्वाज यांनी येथे शेक्सपिअरपासून उघड फारकत घेतली आहे. संहितेशी हे इमान नव्हे. शोकात्मिकेशी मात्र आहे. आपल्या पापाच्या पलीकडेही जग चालू राहू शकते आणि त्या जगात आपल्याला जागा नाही, हे मकबूलला एका नजरेत उमगते.

'जोजी' याच्या उलट टोकाला जातो. सारे हरल्यावरही त्याचा नायक कबुलीजबाब देत नाही. लुळा पडलेला, केवळ पापण्या हलवू शकणारा जोजी उत्तर देण्याचे नाकारतो. उमगणे नाकारणारा हा नायक शोकात्मिकेचा म्हणावा की नाही, याविषयी मतभेद संभवतात; पण तो निर्णयही विचारपूर्वक घेतलेला आहे.

मूळ नाटकातले किती राखले आणि किती बदलले, या निकषावर अशा चित्रपटांची प्रतवारी करणे म्हणूनच फारसे उपयोगाचे नाही. नव्या जगात कोणती निष्ठा मोडली गेली, नियतीचे काम कोणाकडे गेले, शब्दांच्या जागी काय आले आणि नायकाला शेवटी काय दिसले, हे चार प्रश्न विचारावेत. 'थ्रोन ऑफ ब्लड' आणि 'मकबूल' या चारही प्रश्नांना स्वतःच्या मातीतून उत्तरे देतात. एक पंधराव्या-सोळाव्या शतकातील जपानच्या युद्धभूमीतून, दुसरा मुंबईच्या किनाऱ्यावरून. हॉलिनशेडची बखर चाळताना शेक्सपिअरसमोरही याहून वेगळे प्रश्न नसावेत.